ताटाचा आणि बैठकांचा हिशोब



कवीला ताकदीवर बोलायला बोलावलंय, ही बातमी आमच्या गल्लीत पोचली तेव्हा थोडा हशा झाला. पानाच्या टपरीवर एकानं विचारलं, "शायर, तुम्ही वजनं उचलणार की वजनदार शेर म्हणणार?" मी म्हटलं, आधी शब्द उचलतो, मग वजनाचं बघू.

तर शब्दांपासूनच सुरुवात करतो. आपल्या गावागावांत मारुतीच्या देवळाशेजारी जी तालीम असते, त्या 'तालीम' शब्दाचा अरबी अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद, शिकवणारा. पहिलवान, जोर, खुराक हे शब्द फारसीतून आले, मेहनत अरबीतून. ते मराठीच्या लाल मातीत इतके घोळले गेलेत की आज त्यांना कोणी गाव विचारत नाही. यातला मला सगळ्यांत आवडतो तो 'कसरत' हा शब्द. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे पुष्कळपणा, रेलचेल. एकदा जोर लावून केली ती कसरत नव्हे, पुष्कळ वेळा, पुन्हा पुन्हा केली ती कसरत. आज मला जे सांगायचंय त्यातलं अर्धं या शब्दातच आलं. उरलेलं अर्धं 'खुराक' या शब्दात आहे, आणि तिथं मामला जरा नाजूक आहे.

मी लहान असताना, म्हणजे साधारण १९८०च्या सुमारास, आमच्या भागातल्या तालमीत एक वस्ताद होते. अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत. नवं पोरगं आलं की त्याला महिनाभर कुस्तीला हात लावू देत नसत. हातात फावडं द्यायचे आणि हौदातली माती खणायला लावायचे. मग बैठका. पहिल्या दिवशी दहा म्हणजे दहाच. पोरगं म्हणायचं, पन्नास मारतो. वस्ताद म्हणायचे, पन्नास मार, पण उद्याही पन्नास मारायला यायचं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला जिना उतरता येत नसे. दर आठवड्याला पाच वाढवायच्या, भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. ताप आला तर चार दिवस थांबायचं, मग निम्म्यावरून सुरू करायचं.

आणि मेहनतीला उभं राहण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न असायचा, "काल काय खाल्लंस?"

पोरं फुशारक्या मारायची. ज्याच्या घरी म्हैस नाही तो दूध सांगायचा, ज्यानं बदाम लग्नाच्या शिऱ्यातच पाहिलेत तो बदाम सांगायचा. वस्ताद कधी कुणाला खोटा म्हणाले नाहीत. विसाव्या बैठकीला गुडघे थरथरायला लागले की नुसते म्हणायचे, "बस कर. तुझ्या पोटातलं संपलं."

ही त्यांची पद्धत किती शास्त्रशुद्ध होती, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढते, पण त्या वेळी स्नायू फारसे वाढलेले नसतात. जे स्नायू आहेत त्यांनाच एका वेळी कामाला लावायला मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात. स्नायू भरायला त्यानंतर महिने लागतात. हाडाला स्नायू बांधणारे कंडरे तर त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणून उत्साहानं एकदम ओझं वाढवणाऱ्याचा स्नायू तयार असतो आणि खांदा किंवा गुडघा जातो. प्राचीन ग्रीसमधल्या मायलो नावाच्या मल्लाची गोष्ट सांगतात. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा. वासरू वाढत गेलं, मायलोही वाढत गेला, आणि शेवटी बैल खांद्यावर आला. गोष्ट खरी असेल-नसेल, हिशोब खरा आहे. १९४०च्या दशकात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना मोजून, टप्प्याटप्प्यानं वाढणारी वजनं देऊन उभं केलं. आजच्या जिममधली 'दहा वेळा'ची भाषा बरीचशी त्यांच्याकडून आली. वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९०मध्ये बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांड्यांच्या ताकदीसाठी वजनं उचलायला लावली. त्यांचं सरासरी वय होतं ९०. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी हातातली काठी सोडली.

नमाजातून उठताना असो की पंगतीतून, ज्याचा हात आपोआप गुडघ्यावर जातो त्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. मीही त्यातलाच. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखर सांगितली आणि चालण्याबरोबर पायांना वजन द्या म्हणाले. मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात केली. पाच वेळा. आज कुठवर आलो ते सांगत नाही, फुशारकी होईल.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या जिल्ह्यात कष्टाला काय कमी आहे? खरं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी दुष्काळाच्या उन्हाळ्यांत लांबलांबून घागरी वाहिल्या. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, शिवाय घागरीचं वजन. ऊसतोडीला जाणारी जोडपी पहाटे अंधारात कोयता घेतात आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवतात. एवढं वजन उचलून त्यांची ताकद मायलोसारखी का वाढत नाही? चाळिशीतच कंबर का धरते?

मी या प्रश्नाभोवती बरेच दिवस फिरलो. उत्तर साधं आहे, पण ऐकायला बरं वाटत नाही. कसरतीत ओझं आपण ठरवतो, विश्रांती आपण ठरवतो आणि खाणं त्या मानानं वाढवतो. कष्टात ओझं दुसरा ठरवतो, विश्रांती मिळत नाही आणि खाणं उरेल ते. शरीर कामानं वाढत नाही. काम झाल्यावर, झोपेत आणि जेवणातून, ते स्वतःची डागडुजी करतं, त्या डागडुजीत थोडं जास्तीचं बांधून ठेवतं. सिमेंट-वाळूच आली नाही तर गवंडी काय करील? तो जुन्या भिंतीच्याच विटा काढून लावतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, आमच्या घरातलं सांगतो.

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. आमच्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्यावर उभे राहा, अशी मुलंमुली धावताना दिसतील. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. गोळा चार किलोचा. मुलांचा ७.२६० किलोचा. भाची धावायला चपळ, पण मागच्या भरतीत गोळ्यानं तिला दगा दिला आणि थोड्या गुणांनी यादीबाहेर राहिली. वयाची अट कुणासाठी थांबत नाही. पुढची भरती म्हणजे तिच्या दृष्टीनं नोकरी की लग्न, एवढा प्रश्न होता.

आम्ही खताच्या जुन्या पोत्यात वाळू भरली. दहा किलो. आठवड्यातून तीन दिवस ते छातीशी धरून बैठका, मग जोर, मग गोळा. अंगणात मी मोजायला. दमली की विचारायची, "मामू, और कित्ते?" मी म्हणायचो, "पाँच." आमच्या घरात दखनी आणि मराठी एकाच ताटात असतात. दर आठवड्याला पोत्यात एक शेर वाळू जास्त. दहाचे बारा झाले, चौदा झाले, अठरा झाले. आणि अठरावर गाडी थांबली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. गोळा तर उलट अलीकडे पडायला लागला. ती म्हणाली, माझ्या अंगातच ताकद नाही.

मला वस्तादांचा प्रश्न आठवला. काल काय खाल्लंस?

"जेवले की."

हे 'जेवले की' आपल्याकडच्या बायकांच्या तोंडी इतकं बसलंय, की त्याचा अर्थ काहीही होतो. दोन भाकरी खाल्ल्या असाही होतो आणि भांड्याला लागलेलं पुसून खाल्लं असाही. मी म्हटलं, आठ दिवस आपण वही ठेवू. जे पोटात जाईल ते लिहायचं. लाजून जास्त लिहायचं नाही, भिऊन कमी लिहायचं नाही. बहिणीच्या घरी किराणा दुकानातल्यासारखा छोटा वजनकाटा नेऊन ठेवला.

आठ दिवसांची वही अशी निघाली. दिवसाला तीन भाकरी, एकेक साधारण ७० ग्रॅम पिठाची. ज्वारीत शंभराला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे २१ ग्रॅम. वरण पातळ, डाळ मोजली तर जेमतेम २० ग्रॅम, त्यातून साडेचार. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे, चार ग्रॅम. दोन चहांतलं दूध, तीन ग्रॅम. बेरीज साडेबत्तीस. मुलीचं वजन ४८ किलो. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं साध्या माणसासाठी मान आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला नुसतं बसून राहायलाच ४० ग्रॅम हवेत. ताकदीची मेहनत करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५८ ते ७७. बत्तीसवर ती अठरा किलोचं पोतं घेऊन बैठका मारत होती. खरं तर आश्चर्य ती थांबली याचं नव्हतं, अठरापर्यंत आली याचं होतं.

बरं, घर काही उपाशी नव्हतं. मेहुणे रिक्षा चालवतात, शुक्रवारी मटणही येतं. आमच्या भागातली शेळी जातिवंत. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. पण आधी पुरुष जेवायचे, मग पोरगे, मग बायका. मटणाच्या पातेल्यात शेवटी रस्सा उरतो. यात कोणी कोणावर जुलूम करत नव्हतं. कोणी पातेल्यात बघत नव्हतं, एवढंच. इमानदारीनं खाणं म्हणतात ते हे. आपल्या ताटात काय आहे आणि शेजारच्या ताटात काय आहे, ते खरं खरं सांगता येणं.

मग आम्ही काय केलं? बदाम-पिस्ते आणले नाहीत. दोन उकडलेली अंडी, बारा ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे, साडेसात ग्रॅम. वरणात तीस ग्रॅम डाळ जास्त, साडेसहा. रात्री पाव लिटर दूध, आठ. बेरीज चौतीस, आधीचे साडेबत्तीस. झाले साडेसहासष्ट. ज्वारी आणि डाळ एकत्र खाण्यात आपल्या आज्यांचं शहाणपण आहेच, ज्वारीत जे प्रथिन अपुरं असतं ते डाळ भरून काढते. अंडी चालत नसतील त्यांना हरभरा आहे, हुलगा आहे. आणि सोयाबीन! आपल्या जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन. शंभर ग्रॅममध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं. ते सगळं आपण बाजारात घालतो, त्याची पेंड कोंबड्या खातात, आणि आपली पोरं शहरातून हजारो रुपयांचा पावडरचा डबा आणतात. डब्याला मी विष म्हणत नाही. चांगल्या डब्यात दुधातलंच प्रथिन असतं. पण त्याच्या एका मापात असतं तेवढं प्रथिन चार अंड्यांतही असतं. सोयाबीन मात्र नीट भिजवून, शिजवून खावं, कच्चं पचत नाही.

तीन आठवड्यांनी पोतं अठरावरून एकोणीसवर गेलं.

आता दुसऱ्या बाजूची इमानदारी. माझ्यासारख्याला कमी खाण्याचा नव्हे, जास्त खाण्याचा हिशोब ठेवावा लागतो. उसाच्या मुलुखात साखरेला नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखं. त्यात भूमचा खवा, त्याचे पेढे. कवीसंमेलनात चहा किती होतात ते आयोजकच जाणे. सहा चहा, दोन-दोन चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर, एकही कविता न ऐकता. माझ्या वहीत एक शब्द बंद आहे, 'थोडं'. थोडं किती, ते लिहायचं. रमजानात मी वजन वाढवत नाही आणि सोडतही नाही. इफ्तारनंतर तासाभरानं हलक्या वजनावर नेहमीचा क्रम करतो. ईदच्या शिरखुर्म्याची वाटी वहीत नोंदवून खातो. चवीत फरक पडत नाही.

एका गोष्टीवर मात्र जरा कडक बोलायचंय. भरतीच्या आणि जिमच्या पोरांमध्ये इंजेक्शनं शिरली आहेत. मेफेंटरमाईन हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब घसरला तर वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. ते टोचून घेऊन पोरं मैदानात उतरतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या. त्यानं दम लागलेला कळत नाही. दम लागणं हा शरीराचा निरोप असतो. निरोप्याचा गळा दाबला म्हणून घरातली आग विझत नाही. ज्या अकॅडमीत कोणी असली कुपी पुढे करील, तिथून पोराला त्याच दिवशी घरी आणा.

सावकाश गेलेल्यांची उदाहरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथल्या मॅटची त्यांना सवय नव्हती. परत येऊन चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं होतं. पहिलवानाचा खुराक कधी कधी असा दुसऱ्याच्या घरातून येतो.

आणि आपल्या धाराशिवच्या सारिका काळे. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार, २०२०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की एक काळ असा होता जेव्हा दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, टाळ्या वाजवतो. मला ती वेगळी ऐकू येते. एका वेळच्या जेवणावर एक मुलगी अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली. मग त्याच वयाच्या, त्याच मैदानावरच्या, एका वेळच्याच जेवणावर मधूनच घरी बसलेल्या किती? त्यांच्या पालकांना कुणी विचारलं असेल का, काल ही काय जेवली?

२०२३च्या नोव्हेंबरात आपल्या धाराशिवमध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, तेव्हा मीही गर्दीत होतो. पंचविशीतले मल्ल, मानेपासून पिंढरीपर्यंत घडलेले. शेजारचा माणूस म्हणाला, काय निसर्गानं दिलंय बघा! मला त्या अंगामागची पातेली दिसत होती. कुणा आईनं धार काढलेली, कुणा बापानं एक एकर विकलेलं.

भाचीची वही आता दुसरी चालू आहे. पोतं सव्वीस किलोवर आहे. गोळा मागच्या भरतीपेक्षा पाऊण मीटर पुढे पडतो. भरती अजून व्हायची आहे.

मध्यंतरी एकदा वही चाळायला मागितली, तर पानाच्या मधोमध पेन्सिलीनं उभी रेघ मारलेली दिसली. डावीकडे भाचीचं अक्षर, उजवीकडे माझ्या बहिणीचं, तिसरीपर्यंत शिकलेलं, वाकडं. भाकरी दोन. अंडं एक. आणि खाली, खुर्चीवरून उठणं, अकरा.